दूरशिक्षणातून बी. एड. : दार कोणासाठी उघडे?

शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत आणि रेल्वे स्थानकांबाहेरच्या भिंतींवर एक मजकूर हमखास दिसू लागतो : 'घरबसल्या बी. एड. करा'. खासगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर शिकविणारी शिक्षिका, बारावीनंतर डी. एड. करून जिल्हा परिषदेत लागलेला शिक्षक, संसारात गुंतल्यामुळे शिक्षण अर्धवट राहिलेली पदवीधर गृहिणी, असे सारेच या मजकुराकडे आशेने पाहतात. परंतु जाहिरातीतले दार जितके रुंद दिसते तितके ते कायद्यात रुंद नाही. या तिघांपैकी प्रत्यक्षात बहुधा एकालाच त्यातून प्रवेश मिळतो. उरलेल्या दोघांना ही गोष्ट अनेकदा शुल्क भरून झाल्यावर, क्वचित पदवी हाती आल्यावर आणि नोकरीच्या कागदपत्र पडताळणीच्या वेळी कळते. त्यामुळे दूरशिक्षणातील बी. एड. म्हणजे नेमके काय, ते कोणाला करता येते आणि त्याचा उपयोग कोठवर होतो, हे प्रवेशापूर्वीच समजून घेणे आवश्यक ठरते.

मुळात ही सोय शिक्षकांसाठीच

शिक्षकी पदवीचा दूरशिक्षणाशी संबंध जुना आहे. देशात पत्रद्वारा शिक्षणाचा प्रारंभ दिल्ली विद्यापीठात १९६२ साली झाला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन केली होती. त्यांनी १९६० च्या दशकातच उन्हाळी वर्ग आणि पत्रद्वारा अध्ययन यांची सांगड घालून बी. एड. सुरू केले. शाळा झपाट्याने वाढत होत्या आणि वर्गावर उभे असलेले असंख्य शिक्षक अप्रशिक्षित होते. त्यांना नोकरी सोडून महाविद्यालयात बसविणे शक्य नव्हते. मे-जूनच्या सुट्टीत प्रत्यक्ष वर्ग आणि उरलेले वर्षभर टपालाने येणारे पाठ, हा त्यावरचा तोडगा होता.

पुढे काही विद्यापीठांनी या तोडग्याचे रूपांतर उत्पन्नाच्या साधनात केले. हजारोंच्या संख्येने प्रवेश देऊन सराव पाठ कागदावरच पूर्ण झाल्याचे दाखविले जाऊ लागले. शिक्षक प्रशिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी संसदेने १९९३ मध्ये कायदा करून राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला, म्हणजेच एनसीटीईला, वैधानिक अधिकार दिले. परिषद १९९५ पासून त्या स्वरूपात काम करू लागली आणि पत्रद्वारा बी. एड.च्या मोकाट वाढीला लगाम बसला. दूरशिक्षणातील बी. एड. हे नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी आहे, नवख्या पदवीधरांसाठी नाही, हे सूत्र तेव्हापासून कायम आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाची ओळख प्रामुख्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे झाली. राज्य विधिमंडळाच्या कायद्याने १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे संस्थापक कुलगुरू डॉ. राम ताकवले होते. बारावीनंतर डी. एड. करून नोकरीला लागलेल्या शिक्षकांच्या कित्येक तुकड्यांनी आधी मुक्त विद्यापीठातून बी. ए. आणि मग तेथूनच बी. एड. केले. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, म्हणजे इग्नूने, २००० साली बी. एड. सुरू केले. इग्नूची प्रादेशिक केंद्रे राज्यात मुंबई, पुणे व नागपूर येथे आहेत. नाशिकच्या विद्यापीठाचे अध्ययन साहित्य मराठीत असते, तर इग्नूच्या बी. एड.चे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे. विद्यापीठ निवडताना हा फरक लहान समजू नये.

पात्रतेची अट : २०१४ चा बदल

पूर्वीच्या नियमांनुसार पदवी आणि शाळेतील दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव असलेला शिक्षक दूरशिक्षणातून बी. एड. करू शकत असे, मग त्याने डी. एड. केलेले असो वा नसो. आजही अनेकांच्या मनात हीच अट घर करून आहे. 'अमुक शाळेत दोन वर्षे शिकविल्याचा दाखला आणा, प्रवेश मिळेल' असे सांगणारे मध्यस्थ तिचाच फायदा घेतात.

वस्तुस्थिती २०१४ मध्ये बदलली. या बदलाची मुळे काही अंशी महाराष्ट्रातच आहेत. परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने राज्यातील २९१ डी. एड. महाविद्यालयांना दिलेल्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्यायालयाने २०११ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात देशभरातील शिक्षक प्रशिक्षणाची झाडाझडती घेतली. त्यानंतर आलेल्या २०१४ च्या विनियमांनी नियमित बी. एड. एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे केले आणि दूरशिक्षणातील बी. एड.ची पात्रता अधिक काटेकोर केली.

या विनियमांनुसार दोनच गटांतील उमेदवार दूरशिक्षणातील बी. एड.ला पात्र ठरतात. पहिला गट प्राथमिक स्तरावर सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांचा, म्हणजे डी. एड., डी. टी. एड. किंवा डी. एल. एड. झालेल्या कार्यरत शिक्षकांचा. दुसरा गट परिषदेची मान्यता असलेला शिक्षक प्रशिक्षण अभ्यासक्रम नियमित, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलेल्यांचा. याखेरीज पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण हवेत. अभियांत्रिकी पदवीधरांसाठी ही मर्यादा ५५ टक्के आहे. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. विद्यापीठे आपल्या स्तरावर यापेक्षा अधिक अटी घालू शकतात, शिथिल मात्र करू शकत नाहीत.

याचा सरळ अर्थ असा, की केवळ पदवीच्या बळावर इंग्रजी शाळेत दहा वर्षे शिकविणाऱ्या शिक्षिकेला हे दार बंद आहे. तिचा अनुभव कितीही दांडगा असला तरी तिच्यापुढे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून नियमित बी. एड.ला प्रवेश घेण्याचाच मार्ग उरतो. हा नियम अन्यायकारक वाटू शकतो. खासगी विनाअनुदानित शाळांत अशा शिक्षिकांची संख्या मोठी आहे आणि दोन वर्षे पगार सोडणे त्यांना परवडणारे नसते. परंतु नियम बदलेपर्यंत तो वळसा घालून टाळण्याचा कोणताही मार्ग सुरक्षित नाही.

दूर, पण घरबसल्या नव्हे

दूरशिक्षण म्हणजे पुस्तके वाचून परीक्षा देणे, हा समज बी. एड.च्या बाबतीत पहिल्याच सत्रात दूर होतो. अभ्यासक्रमाचा कालावधी किमान दोन वर्षे असून तो पूर्ण करण्यासाठी कमाल पाच वर्षांची मुदत मिळते. इग्नूचा अभ्यासक्रम ७२ श्रेयांकांचा आहे आणि एका श्रेयांकासाठी ३० तासांचे अध्ययन अपेक्षित असते. हा हिशेब २,१६० तासांचा होतो. दोन वर्षांवर तो विभागला तर आठवड्याला सुमारे २१ तास, म्हणजे शाळा, घर आणि निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची अशैक्षणिक कामे सांभाळून रोजचे तीन तास पडतात.

या तासांत स्वयं-अध्ययन साहित्याचे वाचन, लेखी स्वाध्याय, अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे, कार्यशाळा आणि शालेय आंतरवासिता या साऱ्यांचा समावेश होतो. इग्नूच्या बी. एड.मध्ये प्रत्येकी बारा दिवसांच्या दोन कार्यशाळा असतात व त्यांना पूर्ण उपस्थिती बंधनकारक असते. सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचणाची तयारी, शैक्षणिक साधनांची निर्मिती, सहाध्यायींच्या पाठांचे निरीक्षण ही कामे पुस्तकातून करता येत नाहीत. समंत्रकासमोर उभे राहून पाठ द्यावा लागतो आणि त्यावरची टीका ऐकावी लागते. वीस वर्षे चौथीच्या वर्गाला शिकविलेल्या शिक्षकाला हा अनुभव प्रारंभी अवघड जातो, परंतु या पदवीचे खरे मोल तेथेच आहे.

सर्वाधिक अडचण येते ती आंतरवासितेची. बी. एड. ही माध्यमिक स्तराची पदवी असल्याने आंतरवासिता उच्च प्राथमिक वा माध्यमिक वर्गांवर करावी लागते. पहिली ते चौथीच्या शाळेत काम करणाऱ्या शिक्षकाला आपल्या शाळेत हे वर्गच उपलब्ध नसतात. मग जवळच्या माध्यमिक शाळेची परवानगी, आपल्या मुख्याध्यापकांची संमती आणि काही आठवड्यांची रजा या तिन्ही गोष्टी जुळवाव्या लागतात. दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक रजेवर गेला तर मागे उरलेल्या एकावर चार वर्ग पडतात. त्यामुळे प्रवेश अर्ज भरण्याआधीच वरिष्ठांशी बोलून रजेचा हिशेब मांडणे शहाणपणाचे. कार्यशाळेचे वेळापत्रक हाती पडल्यावर रजा मंजूर होत नाही म्हणून वर्ष वाया गेल्याची तक्रार शिक्षकांकडून वारंवार ऐकू येते.

इग्नूच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत शंभर प्रश्न सोडवायचे असतात. इंग्रजी आकलन, तर्कक्षमता, शैक्षणिक व सामान्य ज्ञान आणि अध्यापनाचे आकलन यांवर ऐंशी प्रश्न, तर निवडलेल्या विषयावर वीस प्रश्न असतात.

'नॉन-अटेंडिंग'चा सापळा

दूरशिक्षणाचे दार बंद असलेल्यांना मध्यस्थ एक दुसरा पर्याय सुचवितात. दूरच्या जिल्ह्यातील वा परराज्यातील नियमित महाविद्यालयात नाव नोंदवायचे, वर्गात जायचे नाही, थेट परीक्षेलाच हजर व्हायचे. बोलीभाषेत याला 'नॉन-अटेंडिंग' म्हणतात. गुणपत्रिकेवर 'नियमित' असा शिक्का बसत असल्याने अनेकांना तो दूरशिक्षणापेक्षाही वजनदार वाटतो.

परिषदेच्या निकषांनुसार नियमित बी. एड.साठी अध्यापन व प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. ज्या दोन वर्षांत उमेदवार महाविद्यालयात ८० टक्के हजर होता, त्याच दोन वर्षांत तो शाळेच्या हजेरीपटावरही रोज स्वाक्षरी करीत होता, हे दोन्ही खरे असू शकत नाही. पडताळणीत हे दोन कागद शेजारी ठेवले गेले, तर एकतर पदवी संशयास्पद ठरते किंवा त्या काळातील सेवा. खासगी शाळेतील अनुभवाचा दाखला पुढे वेतननिश्चितीसाठी जोडताना हीच विसंगती उघडी पडते. पदवी आणि अनुभव या दोन्हींसाठी पैसे मोजलेला उमेदवार अशा वेळी दोन्हीकडून अडचणीत येतो.

परराज्यातील विद्यापीठांच्या अभ्यासकेंद्रांबाबतही असेच सावध राहावे लागते. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाची केंद्रे चालविता येत नाहीत. छत्तीसगडमधील खासगी विद्यापीठांविषयीच्या प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेल्या निकालाने हे तत्त्व अधोरेखित झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतही ते आहे. नियम मोडणारी संस्था असली तरी त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याला बसतो. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीविना दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तेव्हा २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित होऊन त्यांना पुन्हा परीक्षेला बसावे लागले. तोवर त्यांतील अनेकांची नोकरीत दहा-बारा वर्षे झालेली होती.

पदवी कोठे उपयोगी पडते?

मान्यताप्राप्त दूरशिक्षणातील पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष असते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यामुळे 'मुक्त विद्यापीठाचे बी. एड. चालत नाही' हा शेरा, तो शाळेच्या कार्यालयातून आलेला असला तरी, निराधार समजावा.

खासगी शाळांत या पदवीचा सर्वात ठळक परिणाम सेवाज्येष्ठतेवर होतो. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी नियमावली, १९८१ मधील अनुसूची 'फ' नुसार माध्यमिक शिक्षकांची ज्येष्ठता प्रवर्गनिहाय ठरते. पदवी व बी. एड. असलेला शिक्षक 'क' प्रवर्गात मोडतो. याच नियमावलीनुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी पदवीनंतरचा किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो आणि त्यातील किमान दोन वर्षे बी. एड. मिळाल्यानंतरची असावी लागतात. म्हणजे पदवी कोणत्या तारखेला मिळाली, याला पदवीइतकेच महत्त्व आहे. एका विषयात अनुत्तीर्ण होऊन वर्ष लांबले तर मुख्याध्यापकपदाच्या रांगेतील क्रमही बदलू शकतो.

तरीही प्रत्येक शिक्षकाला बी. एड.ची गरज असतेच असे नाही. शिक्षण हक्क कायद्यान्वये २०१० मध्ये ठरविलेल्या पात्रतेनुसार सहावी ते आठवीसाठी पदवी आणि दोन वर्षांची डी. एल. एड. पदविका पुरेशी आहे. जोडीला शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण असावी लागते. त्यामुळे केवळ उच्च प्राथमिक शाळेतील पदवीधर शिक्षकाच्या जागेसाठी दोन वर्षे खर्च करण्यापूर्वी ती जागा आहे त्या पात्रतेवर मिळते का, हे पाहावे. नववी-दहावीचे वर्ग, मुख्याध्यापकपद वा पुढील प्रशासकीय पदे हे उद्दिष्ट असेल तर मात्र बी. एड.ला पर्याय नाही.

याउलट, पहिली ते पाचवीच्या नोकरीसाठी बी. एड. उपयोगी पडत नाही. परिषदेने २०१८ साली बी. एड. धारकांना प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरविले होते. ती अधिसूचना रद्द ठरविणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी कायम केला. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र वेगळे असून बी. एड.मध्ये त्याचे प्रशिक्षण मिळत नाही, असे या निकालाचे सार आहे.

टीईटीचा प्रश्न तर आता सेवेत असलेल्यांच्याही दारी आला आहे. महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल लागला. पहिली ते आठवीला शिकविणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, तसेच पदोन्नती हवी असणाऱ्या प्रत्येकाने ती उत्तीर्ण असावी, असे न्यायालयाने म्हटले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. बी. एड.ची पदवी ही टीईटीतून सूट देत नाही. नव्या भरतीसाठी राज्यात शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि 'पवित्र' पोर्टल हा टप्पा वेगळाच आहे.

एका मुदतीचा धडा

दूरशिक्षणातील पदवी वा पदविका देताना धोरणाची दिशा स्पष्ट नसेल तर काय होते, हे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, डी. एल. एड.ने दाखवून दिले. अप्रशिक्षित शिक्षकांना प्रशिक्षण पूर्ण करण्यासाठी संसदेने २०१७ मध्ये मुदत वाढवून ३१ मार्च २०१९ केली. त्यासाठी योजलेल्या अठरा महिन्यांच्या अभ्यासक्रमात बारा लाखांहून अधिक शिक्षकांनी नावे नोंदविली. पुढे ही पदविका नव्या नोकरीसाठी चालते का, यावर वाद झाला. ती दोन वर्षांच्या पदविकेशी समकक्ष नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये म्हटले. तर डिसेंबर २०२४ मध्ये १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्यांना दिलासा दिला. या पाच-सहा वर्षांत एकच प्रमाणपत्र कधी वैध तर कधी अवैध ठरत राहिले. ज्यांनी ते सरकारच्याच सांगण्यावरून घेतले होते, त्यांना आपली बाजू मांडण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

प्रवेशापूर्वी हे पाहा

* त्या शैक्षणिक वर्षासाठी विद्यापीठाला परिषदेची आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर तपासावे. मागील वर्षीची मान्यता चालू वर्षाला लागू असेलच असे नाही.

* २०२४ पासून दूरशिक्षण प्रवेशासाठी आयोगाच्या पोर्टलवर 'डेब-आयडी' तयार करणे बंधनकारक झाले आहे. हा क्रमांक न मागणारी संस्था शंकास्पद समजावी.

* शुल्क विद्यापीठाच्या अधिकृत खात्यातच भरावे. मध्यस्थाच्या हाती रोख रक्कम देऊ नये.

* अध्यापन पद्धतीचा विषय पदवीच्या विषयाशी जुळणारा घ्यावा. सोपा म्हणून घेतलेला विषय भरतीच्या वेळी आडवा येतो.

* शाळेकडून ना-हरकत दाखला लेखी घ्यावा. सेवापुस्तकात शिक्षणाची नोंद वेळीच करून घ्यावी.

* स्वाध्याय, कार्यशाळा आणि आंतरवासितेच्या उपस्थितीची प्रमाणपत्रे पदवी मिळाल्यानंतरही जपून ठेवावीत.

पुढे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी. एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावयाची आहे. त्याच धोरणात सेवेतील शिक्षकांसाठी आणि दुर्गम भागांतील विद्यार्थ्यांसाठी दर्जेदार संस्थांमार्फत दूरशिक्षणाने वा मिश्र पद्धतीने बी. एड. देण्याची सोयही ठेवलेली आहे. परिषदेने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या विनियमांचे प्रारूप हरकतींसाठी प्रसिद्ध केले. नियम बदलाच्या अशा काळात गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या सहकाऱ्याचा सल्ला पुरत नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचणे हाच उपाय.

गडचिरोलीच्या वा नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर शिकविणाऱ्या शिक्षकाला शाळा न सोडता पुढे शिकता यावे, हा या व्यवस्थेचा मूळ हेतू होता. तो आजही तितकाच योग्य आहे. त्याची राखण करायची तर विद्यापीठांनी कार्यशाळा व आंतरवासिता कागदावर न उरकता प्रत्यक्षात घेतल्या पाहिजेत आणि शिक्षण खात्याने शिकणाऱ्या शिक्षकाच्या जागी पर्यायी शिक्षक दिला पाहिजे. शिक्षकाने स्वतःपुरते करावयाचे काम त्यामानाने सोपे आहे : भिंतीवरच्या जाहिरातीवरील दूरध्वनी क्रमांक फिरविण्याआधी आपली पदविका, पदवीचे गुण आणि रजेचा शिल्लक हिशेब समोर घेऊन बसावे. ते तिन्ही जुळत असतील तर दोन वर्षांचे हे कष्ट निश्चितच सार्थकी लागतील.